प्रौढ शिष्य आणि तारपा

वारली चित्रकला आता शहरातील सुशिक्षित घरांना नवी राहिलेली नाही. दिवाणखान्यातील पडद्यावर, चहाच्या पेल्यावर, साडीच्या पदरावर, मुलांच्या वह्यांच्या वेष्टनांवर ती सुखाने नांदत आहे. तिच्यातील एक चित्र तर बहुतेकांच्या परिचयाचे असते. गेरूच्या तांबूस भूमीवर पांढऱ्या रेषांची माणसे एकमेकांत हात गुंफून मोठे वेटोळे घालीत नाचत आहेत आणि त्या वेटोळ्याच्या पोटात एक मनुष्य, किंचित वाकून, लांबच लांब असे काहीतरी तोंडाला लावून उभा आहे. पाहुण्यांना हे चित्र कौतुकाने दाखविले जाते. पण एखाद्या चौकस मुलाने ‘तो मधला मनुष्य काय वाजवीत आहे?’ असे विचारले, म्हणजे वडीलधारी मंडळी क्षणभर घोटाळतात. कोणी सनई म्हणतो, कोणी कर्णा म्हणतो, कोणी तुतारी म्हणून मोकळा होतो. चित्र घरात येऊन बसले आहे. त्याचा आवाज मात्र उंबरठ्याबाहेरच राहिला आहे.

त्या वाद्याचे नाव तारपा आणि ते वाजविणारा तो तारपकरी. पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडणारे आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर या नव्या जिल्ह्यात गेलेले डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा हे तालुके म्हणजे तारप्याचे माहेर. वारल्यांच्या शेजारी राहणाऱ्या इतर आदिवासी जमातींतही तो वाजतो. वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आणून जगभर पोहोचविणारे जिव्या सोमा मशे हे डहाणू तालुक्यातले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. जव्हार तालुक्यातील वयोवृद्ध तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२६ साली, वयाची नव्वदी उलटल्यावर. चित्राचा मान आधी झाला आणि त्या चित्रातल्या आवाजाचा मान पंधरा वर्षे मागाहून आला. डोळ्यांना जे पटकन रुचते, ते कानांच्या गळी उतरावयास वेळ लागतो, एवढाच याचा अर्थ.

हे वाद्य दिसावयास विलक्षण असले तरी त्याची घडण समजण्यास अवघड नाही. गारुड्याची पुंगी ज्याने पाहिली आहे त्याने तारप्याचा धाकटा भाऊ पाहिला आहे असे म्हणावयास हरकत नाही. वेलावर जून होऊन वाळलेला दुध्या भोपळा घेऊन तो आतून कोरून पोकळ करतात. ही झाली हवेची कोठी. तिच्या एका टोकाच्या भोकातून फुंकावयाचे. दुसऱ्या टोकात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसविलेल्या असतात. भोपळ्यात लपलेल्या त्यांच्या तोंडांशी बांबूचीच एकेक पातळ जीभ असते आणि बाहेरच्या अंगास बोटांसाठी छिद्रे असतात. नळ्यांच्या शेवटी ताडाची पाने गुंडाळून केलेला मोठा शंकूसारखा कर्णा जोडतात. जेथे जेथे सांधा, तेथे तेथे मधमाश्यांचे मेण. लहान तारपा दोन हातांचा, तर मोठा पुरुषभर लांबीचाही असतो. खिळा नाही, स्क्रू नाही, बाजारातून आणलेली वस्तू नाही. परसातला वेल, रानातला बांबू, बांधावरचा ताड आणि कड्यावरचे मोहोळ एवढ्यांनी मिळून हे वाद्य उभे केलेले असते.

हे वाद्य आपल्याला वाजविता यावे, असे शहरातल्या एखाद्या प्रौढ मनुष्यास वाटले तर काय होईल? असा एक गृहस्थ घटकाभर कल्पनेने डोळ्यांसमोर उभा करावा. गृहस्थ कल्पनेतला आहे. परंतु त्याच्या वाटेवर ज्या अडचणी येतात त्या तारप्याच्या अंगच्याच आहेत. वय अठ्ठेचाळीस. राहणे मुंबईच्या उपनगरात, पाचव्या मजल्यावर. कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचे काम. लहानपणी चार वर्षे पेटी शिकल्यामुळे स्वरांशी ओळख आहे आणि ती ओळख थोडी अधिकच आहे असा समजही आहे. एका दिवाळीत हे गृहस्थ जव्हारकडे एका स्नेह्याच्या घरी गेले असता रात्री दूरवरून त्यांच्या कानी एक आवाज आला. तो गोड होता असे म्हणवत नाही. त्यात भुंग्याची गुणगुण होती आणि दूर कोठे जाते फिरत असावे अशी घरघरही होती. पण त्या आवाजाला खंड नव्हता. पाच मिनिटे झाली, दहा झाली, अर्धा तास झाला, तरी फुंकणारा श्वास घेण्यासाठी थांबला असे एकदाही झाले नाही. गृहस्थांना झोप लागेना. हा मनुष्य श्वास केव्हा घेतो, हा एकच प्रश्न त्यांना छळीत राहिला. दुसऱ्या दिवशी विचारीत विचारीत ते पाड्यावर गेले आणि सत्तरी गाठलेल्या एका तारपकऱ्यापुढे जाऊन बसले.

‘बाबा, मला शिकवाल का?’ असे त्यांनी विचारले. म्हाताऱ्याने होय म्हटले नाही की नाही म्हटले नाही. आढ्याला टांगलेला तारपा काढून त्यांच्या हाती दिला.

पहिल्या प्रयत्नाला तारप्यातून नुसता फुसकारा आला. गृहस्थांनी छाती भरून जोराने फुंकले. तेव्हा फुसकाराही बंद झाला. येथे प्रौढ शिष्याला पहिला धडा मिळतो. भोपळ्यातली ती बांबूची जीभ एका ठराविक दाबालाच थरथरते. दाब कमी पडला तर ती हलत नाही आणि अधिक झाला तर नळीच्या तोंडाला चिकटून बसते व वाट बंद करते. सनई वाजविणारा आपल्या ओठांनी पत्ती दाबून आवाज हलका-भारी करू शकतो. तारपकऱ्याचे ओठ त्या जिभेपर्यंत पोहोचतच नाहीत. तिच्यापर्यंत जाते ती केवळ हवा. म्हणून येथे बळाचा काही उपयोग नाही. मोठ्याने आणि हळू असा भेद या वाद्यास ठाऊक नाही. ते वाजते किंवा वाजत नाही. ज्या मनुष्याने आयुष्यभर ‘आणखी जोर लावला की काम होते’ हा अनुभव घेतला, त्याला या वयात भोपळ्यापुढे नमते घ्यावे लागते.

दुसरी अडचण श्वासाची आणि तीच खरी कसोटीची. मनुष्य बोलताना थांबतो, गाताना थांबतो, बासरी वाजवितानाही थांबतो, कारण छातीतली हवा सरते. तारपकरी थांबत नाही. याचे रहस्य असे: गालांत हवा साठवावयाची, जिभेचा मागला भाग टाळूस भिडवून तोंड आणि घसा यांच्यामध्ये जणू दार लावून घ्यावयाचे, मग गाल आवळून ती साठविलेली हवा भोपळ्यात सोडीत असतानाच नाकाने चटकन श्वास आत घ्यावयाचा, आणि गाल रिकामे होण्याच्या आत दार उघडून छातीतली हवा पुन्हा पुढे सोडावयाची. गाल हे येथे भात्याचे काम करतात. ही विद्या एकट्या तारप्याची नव्हे. सनईच्या साथीला नुसता सूर धरून बसणारा वादकही ती जाणतो आणि पूर्वी आपल्या पेठांतले सोनार तोंडाने फुंकणी फुंकून दिव्याची ज्योत दागिन्यावर एकसारखी धरीत, तेही याच युक्तीने.

युक्ती सांगावयास चार वाक्ये लागतात. अंगात मुरावयास महिने लागतात. लहान मूल पाण्याशी खेळता खेळता हे शिकून जाते, कारण आपण काय करीत आहोत याचा ते विचार करीत नाही. प्रौढ मनुष्य विचार करतो आणि नेमका तेथेच अडतो. नाकाने श्वास घ्यावयाचा म्हटले की त्याचे गाल सैल पडतात. गाल आवळावयाचे म्हटले की नाक बंद होते. उजव्या हाताने पोटावर गोल फिरवीत डाव्या हाताने डोक्यावर थापट्या मारण्याचा खेळ ज्यांनी मुलांबरोबर खेळून पाहिला असेल, त्यांना ही फजिती लवकर समजेल.

अशा रीतीने आठ-दहा दिवस गेले आणि दिवाळी संपली. दोन आठवड्यांनी गृहस्थ पुन्हा पाड्यावर गेले तेव्हा म्हाताऱ्याने तारपा खाली काढण्यास नकार दिला. रूढीप्रमाणे तारप्याचा काळ ठरलेला असतो. भाताचे पीक तयार होऊ लागले की तो वाजू लागतो आणि दिवाळीचे दिवस सरले की मुका होतो. कणसरी ही वारल्यांची धान्याची देवता. शेतात ती भरून आली असता तिच्या आनंदासाठी हे वाद्य आहे. खळे रिकामे झाल्यावर ते कोणासाठी वाजवावयाचे? आजकाल शहरांतल्या समारंभांत तारपा बाराही महिने वाजतो. त्यात पोटाचा प्रश्न असतो आणि त्याबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये. पण हा म्हातारा जुन्या वळणाचा होता. गृहस्थांना राग आला. पेटी बारा महिने वाजते, तबला बारा महिने वाजतो. मग अभ्यासासाठी वाजविले तर काय बिघडले? रोज तास दोन तास मेहनत केल्यावाचून विद्या येत नाही, हे तर शाळेत शिकविले आहे! म्हाताऱ्याने वाद घातला नाही. त्याने अंगणातल्या कळशीतून पेलाभर पाणी घेतले, एरंडाच्या पानाचा पोकळ देठ तोडून त्यात बुडविला आणि फुंकू लागला. पाण्यातून बुडबुडे निघू लागले आणि ते थांबेचनात. म्हातारा मधूनच नाकाने श्वास घेई. बुडबुड्यांची रांग तुटत नसे. मग तो पेला त्याने गृहस्थांच्या हाती दिला.

पुढचे दहा महिने गृहस्थांचे वाद्य म्हणजे तो पाण्याचा पेला. सकाळी चहापूर्वी पाव तास आणि रात्री जेवणानंतर पाव तास. एरंडाचा देठ शहरात कोठला? शहाळ्याबरोबर मिळते तसली नळी त्यांनी घेतली. आधी गाल फुगवून नुसतेच नाकाने श्वासोच्छ्वास करावयाचा, मग तोंडात पाणी घेऊन त्याची बारीक धार सोडीत असताना श्वास घ्यावयाचा, मग नळी. पहिल्या महिन्यात बुडबुडे तुटत. गालांचे स्नायू असे दुखत की ताकभातही चावून खाल्ल्यासारखा वाटे. तिसऱ्या महिन्यात एके रात्री रांग दोन श्वास टिकली. पत्नीने स्वयंपाकघरातून ‘अहो, पाण्याचा नळ उघडा राहिला का?’ म्हणून हाक मारली, तेव्हा गृहस्थांना जो आनंद झाला तो लहानपणी पेटीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावरही झाला नव्हता. ऋतूचे बंधन त्यांना जाचक वाटले होते. आता त्याचा दुसरा अर्थ दिसू लागला. हातात वाद्य असते तर ते त्याच्यातून चाली काढण्याच्या नादी लागले असते आणि श्वास कच्चाच राहिला असता. शिवाय पाचव्या मजल्यावर हळू न वाजणारे वाद्य रोज वाजविले असते तर शेजाऱ्यांशी असलेला घरोबा संपुष्टात आला असता, ही गोष्ट वेगळीच.

श्वास रोखण्याच्या आणि सोडण्याच्या या मेहनतीचा शरीरास काही लाभ होतो काय, असा प्रश्न सुशिक्षित श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे डिजरीडू नावाचे लांब लाकडी वाद्य याच अखंड फुंकीने वाजते. झोपेत श्वास अडखळण्याची आणि घोरण्याची ज्यांना खोड आहे अशा पंचवीस रुग्णांवर स्वित्झर्लंडमधील वैद्यांनी एक प्रयोग करून तो २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहींना चार महिने डिजरीडू वाजविण्यास शिकविले, बाकीच्यांना शिकविले नाही. शिकलेल्यांची दिवसाची झोपाळू सुस्ती कमी झाली असे दिसून आले. घशाच्या वरच्या भागातील स्नायूंना व्यायाम होतो, हे त्याचे संभाव्य कारण. परंतु प्रयोग लहान होता आणि वाद्यही दुसरे होते. त्यावरून तारप्याची मात्रा करून कोणी घोरणाऱ्यास देऊ नये. आणि ज्यांना रक्तदाबाची किंवा छातीची व्यथा आहे त्यांनी असल्या फुंकीपूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

पावसाळ्यात गृहस्थ दोनदा पाड्यावर जाऊन आले. डहाणूपर्यंत लोकल गाडी २०१३ पासून जाऊ लागली आहे. तेथून पुढे एस. टी.ची गाडी आणि शेवटी पायवाट. दोन्ही वेळी म्हातारा घरी नव्हता, आवणीला गेला होता. भाताची रोपे उपटून चिखलात लावण्याचे ते दिवस; त्या दिवसांत कोणास क्षणाची फुरसत नसते. पहिल्या खेपेस गृहस्थ बांधावर छत्री धरून तासभर उभे राहिले आणि परतले. परतताना गाडीत त्यांना आपली लाज वाटली. शिकवणीचे पैसे द्यावयास ते नेहमीच तयार होते. पण ज्याच्या वेळेवर आपण हक्क सांगत आहोत त्या मनुष्याचा दिवस कसा जातो, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. भाताचे हे एक पीक हाती आल्यावर तेथली पुष्कळ तरुण मंडळी वीटभट्ट्यांवर आणि शहरांतल्या कामांवर पोट भरण्यास जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. तारपा शिकावयाचे जे वय, ते असे गाव सोडून जाण्यात खर्च होते. म्हाताऱ्याच्या दोन्ही मुलांना तारपा येत नव्हता, याचे कारण गृहस्थांना त्या बांधावर समजले. दुसऱ्या खेपेस त्यांनी छत्री मिटली, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि चिखलात उतरले. त्यांनी लावलेली ओळ वाकडी आली. बायका हसल्या. म्हाताऱ्याने ती ओळ उपटून पुन्हा लावली नाही, एवढा मान राखला.

आश्विनात भात पिवळे पडू लागले आणि तारपा आढ्यावरून खाली आला. आता श्वासाची तयारी होती. बोटांचा प्रश्न राहिला होता आणि पेटी शिकलेल्या गृहस्थांना तो सोपा वाटत होता. त्यांनी चाल ऐकून वहीत स्वर लिहून घेतले. पण ते जुळेनात. या तारप्याचा सा पेटीच्या कोणत्याच पट्टीत बसेना आणि वरचे स्वरही पेटीच्या स्वरांहून थोडे इकडे तिकडे पडत. शेजारच्या पाड्यावरचा तारपा आणखी निराळा. प्रत्येक भोपळा वेगळा, प्रत्येक बांबू वेगळा आणि छिद्रे पाडणाऱ्याची बोटे वेगळी. त्यामुळे प्रत्येक तारप्याचे स्वर त्याच्यापुरतेच असतात. शिवाय एक स्वर तोडून दुसरा वेगळा म्हणावा अशी सोयच येथे नाही. भोपळ्यातून हवा अखंड वाहत असते. स्वर वेगळे भासतात ते बोटांच्या हलक्या उचलीने. गृहस्थांनी वही मिटून पिशवीत ठेवली. जे शिकलो ते विसरणे, हा प्रौढपणी शिकण्याचा अर्धा भाग असतो. मुलांना तो नसतो, म्हणून ती आपल्यापुढे जातात.

महिनाभराने एक चाल बोटांवर बसली. गृहस्थांनी ती म्हाताऱ्यापुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत, श्वास न तोडता वाजवून दाखविली आणि शाबासकीसाठी वर पाहिले. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हता. तो त्यांच्या पायांकडे पाहत होता आणि पाय जमिनीला खिळल्यासारखे स्तब्ध होते.

त्या रात्री पाड्यावर नाच मांडला होता. तरुण-तरुणींनी हात गुंफून साखळी केली. तिच्या अग्रभागी काठी घेतलेला म्होरक्या आणि मध्ये म्हातारा तारपकरी. त्याने फुंक घातली आणि तो सावकाश चालू लागला. साखळी त्याच्याभोवती वळू लागली. नाचणारा तारप्याकडे पाठ फिरवीत नाही. तारपकरी वळेल तशी साखळी वळते. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. त्याने लय वाढविली की साखळी धावते. शब्द नाही, खूण नाही, हुकूम नाही. हे अर्धा तास चालल्यावर म्हाताऱ्याने तारपा गृहस्थांच्या हाती दिला. गृहस्थांनी शिकलेली चाल सुरू केली. ती बिनचूक होती. पण त्यांचे सारे लक्ष गालांत आणि बोटांत; साखळी काय करीत आहे याचे त्यांना भान नव्हते. तीस-चाळीस पावले झाली असतील नसतील, साखळीत गोंधळ उडाला. कोणाचे पाऊल पुढे, कोणाचे मागे. एक पोरगी खुदकन हसली, ते ऐकून गृहस्थ दचकले, गाल सैल पडले आणि आवाज तुटला. आवाज तुटताच सारी साखळी जागच्या जागी उभी राहिली. वीस-पंचवीस माणसे आणि ती शांतता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढ्या माणसांना आपल्या एका श्वासासाठी थांबलेले त्यांनी पाहिले नव्हते. म्हाताऱ्याने तारपा घेतला, साखळी पुन्हा वळू लागली आणि जाता जाता त्याने मानेनेच गृहस्थांना साखळीकडे जाण्याची खूण केली.

त्या हंगामात त्यांनी पुन्हा तारप्याला हात लावला नाही. ते साखळीत नाचले. मध्यमवयीन, किंचित स्थूल, चष्म्याचा मनुष्य साखळीच्या शेपटाशी, दोन पोरांच्या मध्ये. पहिल्या रात्री धाप लागली. तिसऱ्या रात्री पावले जुळली. पाचव्या रात्री त्यांच्या ध्यानात आले की चाल ऐकावी लागत नाही, ती टाचेतून वर येते; आणि तारपकरी चाल बदलणार हे त्याच्या खांद्यावरून आधीच कळते. पेटी शिकताना ते एका कोपऱ्यात बसून शिकले होते, परीक्षकापुढे वाजविले होते, पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या होत्या. वादन म्हणजे दुसऱ्यांनी ऐकावे अशी स्वतःची करामत, हीच त्यांची समजूत होती. येथे तारपा ऐकण्यासाठी कोणी बसलेलेच नव्हते. त्याचा उपयोग केला जात होता, जसा विहिरीचा करतात किंवा बैलाचा करतात. नाचणाऱ्यांना पाऊल टाकावयास खालून जमीन लागते, तशीच वरून ही फुंक लागते. जमिनीची कोणी स्तुती करीत नाही. ती खचली तरच तिच्याकडे लक्ष जाते.

लोकवाद्य शिकू इच्छिणाऱ्या प्रौढांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट असेल तर ती हीच. वाद्य विकत मिळते. त्याचे तंत्र आता चलत्चित्रांवरूनही पाहावयास मिळते. पण जे वाद्य ज्या कामासाठी जन्मले त्या कामात शिरल्यावाचून ते हाती येत नाही. गोव्यातील घुमट आरतीत शिरून शिकावे लागते, गोंधळ्याचे संबळ गोंधळात उभे राहून आणि तारपा साखळीत नाचून. यासाठी जो वेळ जातो तो फुकट जातो असे वाटते. वस्तुतः शिक्षण तेवढेच असते. प्रौढ मनुष्याला विशीतल्या पोराची बोटे मिळणार नाहीत, हे खरे. त्याला वाट पाहणे मात्र साधते. फजिती झाली तरी दुसऱ्या दिवशी परत येणे साधते. आणि आपण शिकत आहो ती विद्या दुसऱ्याच्या घरची आहे, तिचे भाडे दिले पाहिजे, हेही त्याला समजते. गृहस्थांनी ते भाडे पैशांत दिलेच. शिवाय पुढल्या आवणीला चार दिवसांची रजा घेऊन आधीच कळवून गेले. त्या वर्षी त्यांची ओळ बरीच सरळ आली होती. आणखी एक गोष्ट झाली. शहरातला एक मनुष्य दोन वर्षे हेलपाटे घालीत आहे हे पाहून म्हाताऱ्याचा चौदा वर्षांचा नातू एके दिवशी काही न बोलता पाण्याचा पेला आणि एरंडाचा देठ घेऊन अंगणात येऊन बसला. तो तीन आठवड्यांत शिकला. गृहस्थांना त्याचा हेवा वाटला आणि आनंदही झाला. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

दुसऱ्या वर्षाची दिवाळी. रात्र बरीच झाली होती, साखळी रंगात आली होती आणि म्हातारा थकला होता. सून अंगणाच्या कडेला चहाचा पेला घेऊन उभी राहिली. म्हाताऱ्याने गृहस्थांकडे पाहिले. ते साखळीतून सुटले आणि त्याच्या शेजारी चालू लागले. म्हाताऱ्याची फुंक संपता संपता भोपळा त्यांच्या तोंडाशी आला. मध्ये एक क्षण गेला असेल, पण पावले तुटली नाहीत. गृहस्थांचे डोळे या वेळी बोटांकडे नव्हते. ते म्होरक्याच्या टाचांकडे पाहत होते. एकच चाल, तीच जुनी. ते वळले, साखळी वळली. कोणी हसले नाही, कोणी त्यांच्याकडे मान वळवून पाहिले नाही. तारपा कोणाच्या हाती आहे हे पलीकडच्या पोरांना कळलेही नसावे.

म्हाताऱ्याने अंगणाच्या कडेला बसून चहा घेतला. पेला रिकामा झाला, तो त्याने उपडा ठेवला आणि तसाच बसून राहिला. तारपा परत मागण्यासाठी त्याने हात पुढे केला नाही.